पूतनेला कोणती गती?

भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्याच्या उत्तर टोकाला, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत बपेरा हे गाव आहे. सगळा धानाचा मुलूख. पोळा येतो तोवर रोवणी आटोपलेली असते, बांध्यांमध्ये पाणी उभं असतं आणि त्या पाण्याबरोबर डास, ताप, खोकला, गुरांवरच्या माश्या यांनीही गावात मुक्काम ठोकलेला असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या पहाटे, झाडीपट्टीतली गावं एका बाईला शिवेबाहेर घालवतात. तिचं नाव मारबत. कुठे तिचा पुतळा करतात, कुठे नुसत्या पळसाच्या फांद्या तिच्या नावाने गोळा होतात. पोरंसोरं आणि गडीमाणसं आरडाओरडा करत निघतात आणि घरातला एकेक त्रास नाव घेऊन तिच्या पदरात टाकतात. ईडा, पिडा, खोकला, ढेकूण, सगळं घेऊन जा गे मारबत! या मिरवणुकीत धास्ती थोडी आणि धमाल फार असते. तोच दिवस तान्ह्या पोळ्याचा, त्यामुळे काही तासांतच तीच पोरं लाकडी नंदी सजवून दारोदार बोजारा मागायला निघतात.

नागपुरात हीच मारबत शहराएवढी मोठी होते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असं तिथली परंपरा सांगते. बांबू आणि कागदाचे हे प्रचंड स्त्रीपुतळे इतवारी आणि जागनाथ बुधवारीच्या गल्ल्यांतून फिरतात, एकमेकींना भेटतात आणि शेवटी जाळले जातात. सोबत बडगे असतात. ज्या वर्षी लोकांना जे छळतं त्याची सोंगं: महागाई, भ्रष्टाचार, एखादा साथीचा रोग, एखादा पुढारी. बडगा पाहून लोक मनमोकळे हसतात. आणि ज्या काळ्या मारबतीच्या नावाने दिवसभर बोंब मारायची, तिच्याच पाया पडायला, तिला नवस बोलायला बायका लेकरांना घेऊन येतात. बाहेरून आलेल्या माणसाला हे कोडं वाटेल. ते कोडं खरं आहे आणि धर्मविचारातल्या एका फार जुन्या प्रश्नापर्यंत जातं: जिला आपण दुष्ट ठरवलं, दरवर्षी हरवलं, हसून हाकललं, तिचं पुढे काय होतं?

काळी मारबत म्हणजे पूतना, असं विदर्भात सर्रास सांगतात. म्हणून आधी पूतनेची गोष्ट नीट पाहावी लागते. भागवताच्या दहाव्या स्कंधातला सहावा अध्याय तिचा आहे. नंद कंसाचा कर भरायला मथुरेला गेलेला. गोकुळात एक देखणी बाई येते, केसांत फुलं, हातात कमळ. यशोदा आणि रोहिणी दोघी समोर असूनही तिला अडवत नाहीत. ती पाळण्यातल्या बाळाला मांडीवर घेते. बाळ डोळे मिटतं. हे डोळे का मिटले, याची टीकाकारांनी किती कारणं दिली आहेत! स्तनाला विष लावलेलं असतं. बाळ दुधाबरोबर तिचा प्राणच ओढून घेतं. सोड, सोड, असा आक्रोश करत ती मूळ रूपात कोसळते आणि तिच्या देहाखाली सहा कोसांपर्यंतची झाडं चुरडली जातात. त्या अक्राळविक्राळ छातीवर बाळ निवांत खेळत असतं. पुढे गोकुळातले लोक कुऱ्हाडी घेऊन तो देह तोडतात, सरण रचतात, पेटवतात. धूर निघतो, आणि त्या धुराला अगरूचा सुवास येतो.

या सुवासावर भागवतकार थांबतो. मुलं मारणारी, रक्त पिणारी ही राक्षसी आईला मिळावी ती गती पावली, असं तो स्पष्ट सांगतो. कारण काय, तर हेतू काहीही असो, तिने त्याला छातीशी धरलं, दूध दिलं. तिसऱ्या स्कंधात उद्धव याच गोष्टीने गहिवरतो: विष पाजायला आलेलीलाही ज्याने धायीचं स्थान दिलं, त्याच्याहून दयाळू कोणाला शरण जावं? आपल्या रोजच्या मराठीत मात्र पूतनामावशी शिल्लक राहिली ती खोट्या मायेपुरती. निवडणुकीच्या सभेत विरोधकाच्या प्रेमाला पूतनामावशीचं प्रेम म्हटलं की टाळ्या पडतात. कथेचा दुसरा अर्धा भाग, सुवासाचा, कोणी सांगत नाही.

तो सांगितला पाहिजे, कारण त्यावर मोठा वाद झालेला आहे. सातव्या स्कंधात युधिष्ठिर नारदाला नेमका हाच प्रश्न विचारतो. जन्मभर कृष्णाला शिव्या देणाऱ्या शिशुपालाला सायुज्य मिळतं हा कसला न्याय? नारद म्हणतो की गोपी प्रेमाने पोचल्या, कंस भीतीने, शिशुपाल द्वेषाने. वाट कोणतीही असो, मन तिथे पुरतं जडलं पाहिजे. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या विवरणात हीच माळ मराठीत ओवली, शके १२१२ मध्ये, आणि पुढे वारकरी कीर्तनात वैरभक्तीचा हा विचार रुजला. परंतु सगळ्यांना तो पटला नाही. त्याच तेराव्या शतकात उडुपीला मध्वाचार्यांनी जीवांचे तीन वर्ग मांडले. काही मुक्तीला योग्य, काही संसारातच फिरणारे, आणि काही मुळातच अंधतमसाला जाणारे. त्यांच्या मते द्वेषाने कोणी तरत नाही. द्वेष हा द्वेषच.

मध्वांच्या आक्षेपाला वजन आहे, तो झटकून टाकता येणार नाही. वैरी आणि भक्त एकाच पंगतीला बसणार असतील तर सज्जनपणाने जगणाऱ्याने काय मिळवलं? ज्या आईचं मूल गेलं तिला पूतनेच्या मुक्तीची गोष्ट कोणत्या तोंडाने सांगायची? आणि इथे मूल जाणं ही कल्पना नव्हती. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात लहान मुलांना पछाडणारे नऊ ग्रह सांगितले आहेत. त्यांत पूतना आहे, अंधपूतना आहे, शीतपूतना आहे. पूतनेने धरलेल्या मुलाची लक्षणं वाचली तर आजच्या आशाताईला ती लगेच ओळखू येतील: अंग ढिलं पडतं, जुलाब होतात, उलट्या होतात, तहान शमत नाही. पावसाळ्यातला अतिसार हा. ज्या ऋतूत मारबत निघते तोच ऋतू. मारबत गावाबाहेर घालवणाऱ्या आयांच्या पिढ्यांनी हातावर दगावलेली तान्ही पाहिली आहेत. त्यांच्या ओरडण्यात गंमत होती तशी दहशतही होती.

मग त्या हसल्या कशा?

याचं उत्तर दुसऱ्या एका राक्षसीच्या गोष्टीत मिळतं. होळीची म्हणून भविष्योत्तर पुराणात ढुंढेची कथा आहे. रघुराजाच्या राज्यात ही ढुंढा मुलांना छळायची. तिला वर असा मिळालेला की देव, माणूस, शस्त्र, कशानेच मरण नाही. वसिष्ठांनी तोड सांगितली: मुलांनी लाकडं जमवावीत, आग पेटवावी, हसावं, गावं, नाचावं, तोंडाला येईल ते बरळावं. पोरांच्या दंग्याने ढुंढा पळाली. महाराष्ट्रात होळीला जी बोंब ठोकतात तिला आधार म्हणून ही कथा सांगितली जाते. इथे हसणं हे शस्त्र आहे, आणि ते नेमकं त्यांच्या हाती दिलं आहे ज्यांना ती खाणार होती. ज्याची भीती वाटते त्याला हसता आलं की तो आपल्या मापाचा होतो. मारबतीमागून धावणारं पोर हेच करत असतं. खोकल्याला तोंड नाही, तापाला पाठ नाही. त्यांना एका बाईचा चेहरा दिला, तिला वेडंवाकडं रंगवलं, की त्यांच्याशी बोलता येतं, भांडता येतं, त्यांना चालतं करता येतं.

पण ज्याला आपण हसलो त्याला समूळ संपवताही येत नाही, आणि बहुधा तसा इरादाही नसतो. मारबत पुढच्या वर्षी पुन्हा येते. ही पुनरावृत्ती समजून घ्यायला एक अगदी आजचं, जपानी उदाहरण उपयोगी पडतं. भंडाऱ्याच्या खेड्यांतल्या पोरांनाही ते ठाऊक आहे, कारण एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून ‘पोकेमॉन’ हिंदी आवाजात आपल्याकडच्या टीव्हीवर दिसत आला आहे. त्यात टीम रॉकेट नावाची चोरांची तिकडी आहे. तिच्यातली लाल-जांभळ्या लांबलचक केसांची जेसी. जपानीत ती मुसाशी, सतराव्या शतकातल्या प्रख्यात तलवारबाजाच्या नावाची. आवाज मेगुमी हायाशिबारा यांचा. मालिका १ एप्रिल १९९७ ला सुरू झाली आणि हजाराहून जास्त भाग चालली. त्यांतल्या बहुतेक भागांत जेसी दिमाखात आपली घोषणा म्हणते, पिकाचूला पळवायचा बेत रचते, बेत फसतो, स्फोट होतो आणि ती साथीदारांसह आकाशात उडून एका लुकलुकत्या ठिपक्याएवढी होते. पुढच्या भागात ती हजर असते. अंगावर ओरखडा नसतो.

हे केवळ पोरखेळ म्हणून सोडून देण्यासारखं नाही. लेखकांनी या दुष्ट बाईला जे आयुष्य दिलं ते पाहावं. ती दारिद्र्यात वाढली. लहानपणी बर्फालाच जेवण मानून खाल्ल्याच्या आठवणी ती सांगते. मुलींच्या सणाला घराघरांत बाहुल्या मांडतात, त्या तिला कधी मिळाल्या नाहीत. परिचारिका व्हायचं तिचं स्वप्न होतं, ते शिक्षणही तिला पुरं करता आलं नाही. आणि जिवापाड पाळलेला आरबोक हा साप तिने एका शिकाऱ्याच्या तावडीतून सुटलेल्या लहान सापांच्या रक्षणासाठी सोडून दिला. डस्टॉक्स नावाच्या पतंगाला जोडीदार मिळाला तेव्हा त्यालाही रडत रडत मोकळं केलं. वेष पालटून ती स्पर्धांत उतरते तेव्हा कधीकधी स्वतःच्या कसबावर जिंकतेही. असल्या बाईला कायमचं तुरुंगात घालणं लेखकांना जमलंच नसतं. २०१० मध्ये सुरू झालेल्या एका पर्वात या तिकडीला गंभीर, धोकादायक, सफाईदार गुन्हेगार करून पाहिलं. आकाशात उडणं बंद झालं. काही काळाने जुना थाट परत आणला गेला, आणि ते बरंच झालं. गंभीर खलनायिकेचा शेवट करावा लागतो. हास्यास्पद खलनायिकेला उद्या असतो.

नारदाच्या कसोटीवर जेसीला घासून पाहिलं तर आणखी एक गोष्ट हाती लागते. पाव शतक एकाच पिकाचूचा ध्यास. जागेपणी तोच, स्वप्नात तोच. पिकाचूच्या मालकाच्या मित्रमैत्रिणी बदलत गेल्या, कोणी दोन पर्वं राहिलं, कोणी तीन. त्याच्या मागोमाग देशोदेशी अखंड चाललेली माणसं म्हणजे त्याचे हे शत्रूच. संकट सगळ्यांवरच कोसळतं तेव्हा ते त्याच्या बाजूने उभेही राहतात. वैर हेही एक नातं आहे आणि दीर्घकाळ निष्ठेने केलेलं वैर माणसाला ज्याच्याशी वैर केलं त्याच्याजवळ आणून सोडतं, हा भागवताचा दावा तर्काने अवघड वाटतो. कथेत तो डोळ्यांसमोर घडताना दिसतो. जपानच्याच शिनरान या बौद्ध आचार्याने, जो ११७३ ते १२६३ या काळात होऊन गेला, आणखी पुढचं पाऊल टाकलं होतं. अमिताभ बुद्धाची करुणा मुख्यतः वाईट माणसासाठीच आहे, असं तो शिकवायचा. कारण चांगल्याला स्वतःच्या चांगुलपणाचा भरवसा असतो आणि वाइटाला कशाचाच नसतो.

एवढं झाल्यावर मारबतीच्या मिरवणुकीतल्या एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलणं भाग आहे. काळ्या मारबतीचा संबंध नागपुरात बांकाबाई भोसले हिच्याशीही जोडतात. ती इंग्रजांना फितूर झाली, म्हणून तिचा हा निषेध, अशी लोकसमजूत आहे. बांकाबाई ही दुसऱ्या रघूजी भोसल्यांची राणी. डलहौसीच्या काळात १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं तेव्हा भोसल्यांच्या राण्यांनी कंपनी सरकारकडे दाद मागितली होती. वाड्यातली संपत्ती लिलावात गेलेली बांकाबाईने उतारवयात डोळ्यांनी पाहिली. १८५७ मध्ये तिने आपलं वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकलं, हेही खरं. दुसऱ्या वर्षी ती वारली. या आयुष्यात लोभ किती, हतबलता किती, घराणं वाचवण्याची धडपड किती, हे इतिहासकाराने तोलावं. तिच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी सुरू झालेल्या पुतळ्यात तोलायला जागाच नसते. राज्य बुडालं त्यात पुरुष दरबारी होते, सेनापती होते, वारसाहक्काचा अन्यायी नियम होता. पुतळा झाला तो एका म्हाताऱ्या विधवेचा.

खोकल्याला बाईचा चेहरा देणं वेगळं आणि एका बाईच्या चेहऱ्यावर सगळ्या राज्याचा खोकला लादणं वेगळं. पहिल्यात हसणं भीती कमी करतं. दुसऱ्यात ते न्यायाचं काम परस्पर उरकून टाकतं. झाडीपट्टीने चेटकीण ठरवलेल्या बायकांचे हाल पाहिले आहेत. गावात एखादं मूल आजारी पडलं की पुतळा सोडून बोट एखाद्या एकट्या बाईकडे वळायला वेळ लागत नाही. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला तो याच आणि अशाच छळांसाठी. मारबतीची परंपरा टिकावी असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी हा फरक सर्वांत आधी जपला पाहिजे. पुतळा रोगाचा असू दे, महागाईचा असू दे. त्याला कोणा हयात किंवा मयत बाईचं नाव नको.

पूतनेची एक थोरली बहीण महाराष्ट्रातच आहे, अजिंठ्याला. दोन क्रमांकाच्या लेण्यात, पाचव्या शतकातल्या वाकाटक काळात खोदलेल्या एका उपगर्भगृहात हारिती आणि तिचा नवरा पांचिक बसलेले आहेत. हारितीला पाचशे मुलं होती आणि ती राजगृहातल्या दुसऱ्यांच्या मुलांना खायची. बुद्धाने तिचं सर्वांत धाकटं लाडकं मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं. ती सात लोक पालथे घालून रडत आली तेव्हा तो म्हणाला, पाचशेंतलं एक हरवलं तर तुझी ही दशा, ज्यांना एकदोनच त्यांचं काय होत असेल? शिल्पात वरच्या बाजूला एकीकडे ती बुद्धावर चालून येते, दुसरीकडे हात जोडून बसते. खालच्या पट्टीत मुलांची शाळा भरली आहे. पुढची मुलं पाटी घेऊन बसलेली, गुरुजींच्या हाती छडी, आणि मागची वांड पोरं एडक्यांशी खेळण्यात दंग. शिल्पकाराला हसू आवरलं नसणार. मूल खाणारीच्या पायाशी त्याने इतकी जिवंत मुलं कोरून ठेवली.

बौद्ध विचार भंडाऱ्यालाही परका नाही. वैनगंगेकाठच्या पवनीला १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आला. आणि हारिती पुढे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेली, तिथे किशिमोजिन झाली. तोक्योच्या झोशिगाया भागातल्या तिच्या देवळात आया आजही लेकरांसाठी आणि सुखरूप बाळंतपणासाठी प्रार्थना करतात. जेसी ज्या देशात जन्मली त्या देशाला मूल खाणारी देवी होऊ शकते हे शतकानुशतकं ठाऊक होतं.

हारितीच्या कथेचा कणा मात्र तिच्या पश्चात्तापात नाही. तो त्यानंतरच्या व्यवहारी प्रश्नात आहे. मुलं खायची नाहीत हे तिने कबूल केलं, आणि मग विचारलं, आता मी आणि माझी पाचशे मुलं खायचं काय? पूतनेच्या कथेत हा प्रश्न कोणी विचारत नाही. तिला मोक्ष मिळतो, जेवण मिळत नाही. मारबतीला तर विचारतच नाही, तिच्या पदरात उलट आपलं ओझं टाकतो. जेसीचा भुकेने कळवळणारा जीव कितीतरी भागांत दिसतो आणि तरी तिला कोणी जेवू घालत नाही. बुद्धाने हारितीला उत्तर दिलं: विहारात भिक्षू जेवायला बसतील तेव्हा रोज तुझा वाटा आधी काढला जाईल. हे नुसतं कथेपुरतं राहिलं नाही. सातव्या शतकात भारतात राहून गेलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने लिहून ठेवलं आहे की इथल्या विहारांत देवडीवर किंवा भोजनशाळेच्या कोपऱ्यात हारितीची मूर्ती असते, कडेवर एक मूल, गुडघ्यांशी तीन किंवा पाच, आणि तिच्यापुढे रोज भरपूर अन्न वाढलं जातं.